लेकुरवाळा : मराठी वाङ्मयातील पिता आणि तान्हे मूल

मराठीत 'लेकुरवाळी' हे विशेषण कोणाही संसारी स्त्रीला सहज लावले जाते. त्याचे पुल्लिंगी रूप मात्र एखाद्या गृहस्थाला लावलेले क्वचितच आढळते. 'लेकुरवाळा' म्हटले की मराठी मनापुढे उभा राहतो तो कोणी बाप नव्हे, तर पंढरीचा विठ्ठल. भाषेची ही लकब वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु पित्याच्या कुटुंबातील स्थानाचा वाङ्मयाच्या आधारे विचार करावयाचा झाल्यास तिच्यापासून आरंभ करणे सोयीचे आहे. पुरुषाच्या ठिकाणी असलेल्या वात्सल्याची भाषेला ओळख होती, त्यासाठी शब्दही होता. तो शब्द घरातल्या पुरुषाला मात्र दिला गेला नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

कुटुंबसंस्थेविषयीच्या लेखनात अलीकडे एक सूत्र जवळजवळ गृहीत धरले जाते. जुना पिता हा शासन करणारा, दूरस्थ, अपत्याच्या शैशवाशी संबंध नसलेला. नवा पिता हा पाळण्याजवळ आलेला, मुलाला न्हाऊमाखू घालणारा, रात्री जागणारा. शिक्षण, नोकरी, शहरातील लहान बिऱ्हाड आणि स्त्रीचे घराबाहेरील काम ह्या कारणांनी पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात झाले, असे हे सूत्र सांगते. त्याच्या पुष्ट्यर्थ आत्मचरित्रे आणि कादंबऱ्या ह्यांतील उतारे पुढे केले जातात. ह्या सूत्रात सत्याचा अंश निश्चित आहे. परंतु वाङ्मय हा पुरावा म्हणून वापरताना एक प्रश्न आधी सोडवावा लागतो : बदलले ते पित्याचे वर्तन, की पित्याविषयी काय लिहिणे योग्य ह्याची कल्पना? हे दोन बदल एकाच गतीने होत नाहीत. आणि एकाचा पुरावा दुसऱ्यासाठी वापरल्यास जुन्या पित्यावरही अन्याय होतो आणि नव्या पित्याची स्तुतीही फार स्वस्तात होते.

१

संतचरित्रांपासून आरंभ करू. महिपतीच्या 'भक्तविजया'ने (१७६२) घरोघर पोहोचविलेली तेरच्या गोरा कुंभाराची कथा सर्वपरिचित आहे. पत्नी पाण्याला जाताना रांगते मूल नवऱ्याच्या भरवशावर ठेवून जाते. गोरोबा विठ्ठलाच्या नामात तल्लीन होऊन चिखल तुडवीत असतात. मूल रांगत येऊन पायाखाली सापडते आणि मातीत मिसळून जाते. कथेचा रोख भक्तीच्या पराकाष्ठेवर आहे. पुढे पत्नीचा आक्रोश, विठ्ठलाची शपथ, हातांचा त्याग आणि अखेरीस देवाच्या कृपेने हात आणि मूल ह्यांची पुनःप्राप्ती, असा तिचा विकास होतो. शतकानुशतके श्रोत्यांनी ही कथा भक्ताच्या देहभानविस्मृतीची कथा म्हणून ऐकली.

परंतु कथा जे सांगते त्याहून ती जे गृहीत धरते ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. कारागिराची बायको पाण्याला जाताना तान्हे मूल नवऱ्याकडे सोपवून जाते, ह्यात कथेला काहीच नवल वाटत नाही. त्याबद्दल एक शब्दाचेही स्पष्टीकरण द्यावे असे कथाकाराला वाटलेले नाही. कुंभाराचे काम अंगणात चालते, घर आणि कारखाना एकच असतो, आणि पाणी दूर असते. अशा घरात मुलावर नजर ठेवणे हे बापाच्या दिनक्रमातच येते. नवल आहे ते पुढे घडलेल्या अपघाताचे. म्हणजे ज्या कथेचा उपयोग 'बापाला मूल सांभाळता येत नाही' असे दाखविण्यासाठी सहज करता येईल, तीच कथा बापाकडे मूल सांभाळावयाला असे, ह्याची साक्ष देते. वाङ्मयातून सामाजिक व्यवहार वाचण्याची एक पद्धत येथे हाती लागते : कथेच्या मुख्य विधानापेक्षा तिच्या गौण वाक्यांकडे लक्ष द्यावे.

दुसरे उदाहरण पैठणच्या एकनाथांचे. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एका अस्पृश्य स्त्रीचे चुकलेले मूल रडत असता एकनाथांनी त्याला कडेवर घेतले, त्याचे नाक-तोंड पुसले आणि त्याला त्याच्या वस्तीत पोहोचविले, ही आख्यायिका महाराष्ट्रात शाळेपासून सांगितली जाते. तिचा विचार नेहमी अस्पृश्यतेच्या संदर्भात होतो, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यातील कृती पाहावी. कडेवर घेणे आणि नाक पुसणे ह्या बालसंगोपनातील अगदी रोजच्या, आणि रोजच्या म्हणूनच अनुल्लेखित राहिलेल्या कृती आहेत. त्या कृतींची नोंद परंपरेने केली ती मूल परके, आणि तेही सोवळ्याच्या कल्पनेने वर्ज्य ठरविलेले, होते म्हणून. एकनाथांच्या स्वतःच्या मुलाविषयी परंपरेने जे आवर्जून सांगितले ते वेगळेच आहे : हरिपंडित मोठा होऊन वडिलांच्या आचारावर रुष्ट झाला आणि काशीस निघून गेला. स्वतःच्या मुलाशी झालेला वाद स्मरणात राहिला आणि दुसऱ्याच्या मुलाला कडेवर घेणे स्मरणात राहिले. स्वतःचे मूल कडेवर घेतलेला बाप मात्र कोणी सांगितला नाही. कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटले नाही.

तिसरे उदाहरण जनाबाईच्या नावावर असलेल्या त्या प्रसिद्ध अभंगाचे, ज्यात विठ्ठलाभोवती संतांचा मेळा मुलांच्या रूपाने जमलेला आहे. कोणी खांद्यावर, कोणी कडेवर, कोणी हात धरून चाललेला. आणि गोरा कुंभार तर देवाच्या मांडीवर. ज्याच्या पायाखाली स्वतःचे मूल गेले त्याला देवाने मांडीवर घ्यावे, हा योगायोग असो वा नसो, त्यातील करुणा सूक्ष्म वाचकाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. परंतु येथे अधिक महत्त्वाचे हे की, मुले अंगाखांद्यावर वागविणाऱ्या पुरुषाचे मराठीतील सर्वांत भरघोस चित्र एका दासीच्या नावाने आलेले आहे. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणाऱ्या स्त्रीला पुरुषाच्या प्रेमाची कल्पना सुचली ती ओझे वाहण्याच्या रूपात. ह्याच भक्तिपरंपरेने विठ्ठलाला आणि ज्ञानेश्वरांना 'माउली' म्हटले. पुरुषातील वात्सल्य मान्य झाले खरे, पण त्याला नाव मिळाले ते आईचे. त्यामुळे देवाची थोरवी वाढली. पित्याच्या वाट्याला येऊ शकणारा एक शब्द मात्र कायमचा दुसरीकडे गेला.

२

शास्त्र आणि रूढी ह्यांकडे वळल्यास हीच विसंगती निराळ्या रूपात दिसते. गृह्यसूत्रांनी आणि स्मृतींनी सांगितलेल्या जातकर्म संस्कारात नवजात बालकाला सोन्याने मध आणि तूप चाटविण्याचा विधी आहे, आणि तो पित्याचा आहे. नाळ कापण्यापूर्वी हा संस्कार व्हावा असे मनुस्मृती म्हणते. शास्त्राच्या दृष्टीने बालकाच्या मुखात पडणारा पहिला घास बापाच्या हातचा आहे. त्यानंतर पिता ठळकपणे पुढे येतो तो उपनयनाच्या वेळी. त्या दिवशी मुलगा आईबरोबर मातृभोजन करतो आणि स्त्रियांच्या जगातून बाहेर पडून बापाच्या आणि गुरूच्या जगात येतो. जन्म आणि मुंज ह्यांच्यामध्ये नामकरण, अन्नप्राशन, चौल असे संस्कार आहेत. परंतु मधल्या सात-आठ वर्षांच्या रोजच्या संगोपनात पित्याचे काय काम, ह्याविषयी शास्त्र फारसे बोलत नाही. मुलीच्या बाबतीत तर उपनयनाचाही प्रश्न नसल्यामुळे बापाची पुढची ठळक भूमिका एकदम कन्यादानाची.

रूढीने ही पोकळी आणखी वाढविली. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे अनेक बापांना आपले मूल प्रथम दिसे ते काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. बारशाला बापाच्या कुळाचे प्रतिनिधित्व करी ती आत्या. मुलाच्या कानात नाव सांगण्याचा मान तिचा. मूल घरी आल्यावरही एकत्र कुटुंबात वडील माणसांसमोर तरुण बापाने स्वतःचे मूल उचलून घेणे हे मर्यादेला सोडून मानले जाई. पुतण्याला मांडीवर घ्यावे, भाच्याला खेळवावे. पण स्वतःचे मूल रडत असता त्याच्याकडे पाहिले न पाहिल्यासारखे करावे, असा तो शिष्टाचार होता. ह्याचा अर्थ घरातील पुरुषांचे हात मुलाला लागत नव्हते असा नाही. आजोबा, चुलते, मामा ह्यांचे हात लागत. बाप स्वतः आजोबा झाला की त्याचे दडपलेले वात्सल्य नातवंडांवर मोकळे होई. तेव्हा ज्याला आज पित्याची 'दूरस्थता' म्हटले जाते ती बहुधा एका माणसाच्या ठिकाणची उदासीनता नसून एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे पुढे ढकललेली माया होती.

ह्या व्यवस्थेचा सर्वांत विश्वसनीय पुरावा संबोधनांत आहे. मराठी घरांत मुले बापाला भाऊ, दादा, अण्णा, नाना, तात्या, काका अशा नावांनी हाक मारीत. ही सारी नावे घरातील इतरांनी त्या पुरुषाला दिलेली. धाकटे भाऊ ज्याला 'दादा' म्हणत त्याला त्याची मुलेही 'दादा'च म्हणत. आईलाही काही घरांत 'वहिनी' वा 'बाई' अशी हाक ऐकावी लागे, हे खरे. पण 'आई' हा शब्द तिच्यासाठी राखीव होता. पित्याला मुलाकडून मिळणारी अशी स्वतःची हाक पुष्कळ घरांत नव्हतीच. आज शहरी घरांत 'बाबा' ही हाक रूढ झाली आहे आणि तिच्यामागचे 'अहो' गळून 'अरे' येऊ लागले आहे. पित्याच्या स्थानात पडलेला फरक ह्या एका सर्वनामाच्या बदलात जितका स्पष्ट दिसतो तितका तो कथा-कादंबऱ्यांतील भावपूर्ण प्रसंगांत दिसत नाही.

३

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार मराठीत स्थिरावू लागला. घराच्या आतल्या जीवनाला लिखित रूप मिळण्याची ही पहिली मोठी संधी होती. ह्या लेखनात सुधारक पुरुष पत्नीला शिकविताना दिसतो, संस्था उभारताना दिसतो, बहिष्कार सोसताना दिसतो. मुलाला निजविताना तो सहसा दिसत नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचे 'आत्मवृत्त' (१९१५) हे ह्याचे मोठे प्रांजळ उदाहरण आहे. १८९६ साली स्थापन झालेली आणि पुढे हिंगण्यास गेलेली अनाथ बालिकांची संस्था हेच त्या जीवनाचे केंद्र होते. अशा चरित्रांविषयी 'संस्था हेच त्यांचे अपत्य' असे म्हणण्याची प्रथा आहे. ही उपमा गौरवाची असली तरी टीकाकाराने तिच्याशी थोडे थांबावे. जे खरे अपत्य घरी होते त्याचे काय झाले, हा प्रश्न ती उपमा अलगद झाकून टाकते. त्याचे उत्तर शोधावयाचे तर आनंदीबाई कर्वे ह्यांचे 'माझे पुराण' (१९४४) हाती घ्यावे लागते. संसाराची बाजू तेथे आहे : ओढग्रस्तीचा जमाखर्च, मुलांचे पालनपोषण, आणि ध्येयवादी नवऱ्याविषयी आदर न सोडता केलेली तक्रार. पतीचे पुस्तक आणि पत्नीचे पुस्तक ही एकाच घराची दोन कागदपत्रे आहेत. एकटे पहिले वाचणारा अभ्यासक अर्धेच घर पाहतो.

हीच गोष्ट रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक ह्यांच्या बाबतीत अधिक ठसठशीत होते. टिळकांना मराठी रसिकांनी 'फुलांमुलांचे कवी' म्हटले. लहान मुलाकडे कौतुकाने पाहणारा पुरुष मराठी कवितेत आणण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रां'त मात्र हा कवी घरात कसा वागे ते दिसते : उदार, लहरी, बाहेरच्यांसाठी सर्वस्व देणारा आणि घरच्यांना पुढच्या क्षणाची शाश्वती न देणारा. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला तेव्हा मुलगा लहान होता. पुढील काही वर्षे त्याचे संगोपन झाले ते आईजवळ, पित्यापासून दूर. लक्ष्मीबाईंनी हे सारे कडवटपणा न आणता, हसतखेळत लिहिले आहे. त्यामुळेच त्यांची साक्ष बलवान ठरते. मुलांवर कविता करणारा पुरुष आणि मुलाचा रोजचा भार वाहणारा पुरुष हे एकच असतील असे धरून चालता येत नाही, एवढे त्यातून निश्चित होते. दोष टिळकांच्या प्रेमाचा नाही. प्रेम आणि संगोपन ह्यांची त्या काळाने केलेली वाटणीच तशी होती.

कालिदासाचा दुष्यंतही ह्या संदर्भात आठवावा. मुलांच्या अंगाची धूळ ज्यांच्या अंगाला लागते ते पिते धन्य, असे तो सातव्या अंकात म्हणतो. आणि किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' मराठी रंगभूमीवर आणल्यावर हा प्रसंग मराठी प्रेक्षकांच्याही परिचयाचा झाला. पण दुष्यंताचा मुलगा तोपर्यंत सिंहाच्या छाव्याशी खेळण्याएवढा झालेला आहे. त्याचे तान्हेपण बापाने पाहिलेलेच नाही. आपल्या वाङ्मयातील पितृवात्सल्य पुष्कळदा असे उशिरा जागे होते. मूल चालू-बोलू लागले, गोड वाटू लागले, की मग.

साने गुरुजींचे 'श्यामची आई' (१९३५) हा ह्या वाटणीचा कळस होय. नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ह्या पुस्तकातील पिता दुष्ट नाही, निष्ठुरही नाही. खोताच्या वैभवातून कर्जबाजारीपणात आलेला, मानी आणि हतबल असा तो गृहस्थ आहे. श्याम त्याला 'भाऊ' म्हणतो. कुटुंबाच्या ऱ्हासाचा इतिहास त्याच्या नावावर जमा होतो आणि संस्कारांचा इतिहास आईच्या. पुस्तकाच्या शीर्षकानेच ही विभागणी पक्की केलेली आहे. परंतु अधिक विचार करण्याजोगी गोष्ट पुस्तकाबाहेरची आहे. अमळनेरच्या छात्रालयात शिक्षक म्हणून असताना साने गुरुजी मुलांचे कपडे धूत, अंथरुणे आवरीत, आजाऱ्याची सेवा करीत. संगोपनाची जी कामे पुरुषाने करावयाची नसतात असे मानले जाई ती त्यांनी केली. त्यांना समाजाने काय म्हटले? 'मातृहृदयी'. सातशे वर्षांपूर्वीच्या 'माउली'चीच ही पुनरावृत्ती आहे. मुलांची सेवा करणारा पुरुष दिसताच मराठी मनाला त्याच्यात आई दिसते. चांगला बाप दिसत नाही. हा त्या पुरुषाचा गौरव असेल, पण पितृत्वाच्या कल्पनेचे ते दारिद्र्य आहे.

४

१९७० नंतरच्या दलित आणि भटक्या-विमुक्त समाजांतील आत्मकथनांनी ह्या चित्रात जो फरक केला तो केवळ जातिवास्तवाचा नव्हता. घराचाच नकाशा त्यांनी बदलला. ह्या लेखनातील घर म्हणजे माजघर, ओटी आणि स्वयंपाकघर अशी विभागणी असलेला वाडा नव्हे. एक खोली, एक पाल, क्वचित एक बसस्थानक. जेथे जागेचीच वाटणी नाही तेथे बाप दूर कोठे बसणार? दया पवार ह्यांच्या 'बलुतं'मधील (१९७८) बाप मुंबईच्या गोदीत राबतो; त्याचे श्रम, त्याचे व्यसन आणि त्याची माया ही मुलाच्या डोळ्यांसमोर एकाच जागी घडतात. लक्ष्मण माने ह्यांच्या 'उपरा'तील (१९८०) कैकाडी बाप गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडतो आणि तशातही मुलाला शाळेत घालतो. नरेंद्र जाधव ह्यांच्या 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) ह्या पुस्तकाने तर 'वडील' हा सभ्य शब्द बाजूला सारून 'बाप' हा शब्द अभिमानाने शीर्षकात आणला. त्याहून विशेष असे की, फारसे न शिकलेल्या त्या बापाची स्वतःची कहाणी त्यात त्याच्याच शब्दांत येते. ज्याच्याविषयी इतरांनी लिहावयाचे तो पिता येथे स्वतः बोलू लागला.

तथापि पितृत्वाच्या विचारात सर्वांत खोल जाणारे पुस्तक शरणकुमार लिंबाळे ह्यांचे 'अक्करमाशी' (१९८४) हे आहे. येथे बाप दोन ठिकाणी विभागला गेला आहे. ज्याचे रक्त आहे तो गावचा पाटील. तो मुलाला जवळ करीत नाही. शाळेत वडिलांचे नाव काय लावावयाचे हा प्रश्न त्यामुळे मुलाच्या जीवनाचा प्रश्न होतो. दुसरीकडे आजी संतामाय हिच्यासोबत राहणारा 'दादा' आहे : धर्माने मुसलमान, रक्ताने कोणीच नव्हे, हमाली करून चार घास मिळविणारा. वाढविण्याचे काम त्याच्या वाट्याला आले, पण कागदावर त्याचे नाव लागू शकत नाही. नाव देणे आणि वाढविणे ह्या पितृत्वाच्या दोन अंगांची अशी पूर्ण फारकत मराठीत अन्यत्र क्वचितच झाली असेल. ह्या फारकतीमुळेच एक गोष्ट उघडी पडली : इतर घरांत नाव देणे एवढेच करून पुरुषाला पिता म्हणवून घेता येत होते, आणि वाढविणे हे त्याच्या पितृत्वाची कसोटी कधीच नव्हते. किशोर शांताबाई काळे ह्यांनी 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) लिहिताना स्वतःच्या आणि आडनावाच्या मध्ये आईचे नाव घातले. तो केवळ भावनेचा आविष्कार नव्हता. नावाची जागा वाढविणाऱ्याची आहे, हा त्यामागील दावा होता.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. ह्या आत्मकथनांतील पिते काही आदर्श नाहीत. मारहाण, दारू, परित्याग ही सारी त्यांत आहेत. मग त्यांना 'बदललेल्या पित्या'चे पुरावे कसे म्हणावयाचे? तसे म्हणण्याचे कारणच नाही. गोरा कुंभाराच्या अंगणात बाप मूल सांभाळीत होता, तसा तो श्रमजीवी घरांत पुढेही सांभाळीत राहिला असला पाहिजे. जेथे बाई मजुरीला जाते तेथे मूल कोणाजवळ तरी राहावेच लागते. ह्या पुस्तकांनी नवा बाप निर्माण केला नाही. जो होता त्याला, त्याच्या गुणदोषांसकट, लिहिण्याजोगा ठरविले. मध्यमवर्गीय वाङ्मयाने ज्या बापाला मर्यादेच्या पडद्याआड ठेवले होते, त्याला पाहण्याची सोय पडदाच नसलेल्या घरांतील लेखकांनी केली.

५

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येता येईल. वाङ्मयाचा एक स्वभाव असा की, जे क्वचित घडते ते लिहिले जाते आणि जे रोज घडते ते लिहिले जात नाही. आईने मुलाला हजार वेळा उचलले त्याची नोंद होत नाही. बापाने एकदा उचलले तर तो प्रसंग होतो. म्हणून आजच्या लेखनात पित्याचे पाळण्याजवळचे प्रसंग वाढले, एवढ्यावरून पित्याने तेवढा भार उचलला असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. उलट तो प्रसंग जोवर 'प्रसंग' म्हणून लिहिला जातो, तोवर तो अपवादच आहे असे समजावे. २०१० च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघर ऐकले गेलेले 'दमलेल्या बाबाची कहाणी' हे गीत ह्या दृष्टीने बोलके आहे. त्यातील बाप मुलीपाशी नाही. नसल्याची खंत त्याला आहे. खंत हे निश्चितच नवे मूल्य आहे. जुन्या मर्यादाशील बापाला असे वाटले तरी बोलण्याची सोय नव्हती. परंतु खंत म्हणजे संगोपन नव्हे.

व्यवहारात किती बदल झाला ह्याची कसोटी वाङ्मयाबाहेरही घ्यावी. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने पिता हा नैसर्गिक पालक आणि 'त्याच्यानंतर' आई असा क्रम लावला. त्याच वेळी पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असेही सांगितले. अधिकार पित्याचा आणि तान्हे मूल आईचे, ही जुनी वाटणीच त्यात कायद्याच्या भाषेत उतरली. गीता हरिहरन ह्यांच्या खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' ह्या शब्दाचा अर्थ केवळ 'मृत्यूनंतर' असा न घेता पित्याच्या अनुपस्थितीत असा व्यापक केला आणि त्या क्रमाची धार कमी केली. केंद्र शासनाच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १९९७ पासून १५ दिवसांची पितृत्व रजा मिळू लागली. उलटपक्षी, मातृत्वलाभाच्या १९६१ च्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन आईची रजा २६ आठवड्यांची झाली, तेव्हा पित्याच्या रजेची तरतूद त्या कायद्यात करण्यात आली नाही. १५ दिवस आणि २६ आठवडे ह्या दोन आकड्यांमधील अंतर हे समाजाने पित्याकडून किती अपेक्षा ठेवली आहे ह्याचे, कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक नेमके, माप आहे. आईच्या रजेमागे प्रसूतीनंतरची शरीराची गरज आहे हे मान्य केले तरी ते अंतर पूर्णपणे उलगडत नाही.

नावाच्या बाबतीत मात्र एक पाऊल पुढे पडले आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरविला. 'अक्करमाशी'तील मुलाला ज्या रिकाम्या जागेने छळले, तिच्याकडे पाहण्याची समाजाची दृष्टी किंचित बदलली, असे ह्यावरून म्हणता येईल. आईला नावात जागा मिळाली. पित्याला पाळण्याजवळ तेवढीच हक्काची जागा मिळाली आहे काय, हा त्याच व्यवहाराचा दुसरा अर्धा भाग अद्याप शिल्लक आहे.

ह्या विवेचनातून अभ्यासासाठी काही दिशा सुचतात. पित्याच्या भूमिकेचा वाङ्मयीन पुरावा गोळा करताना पतीची आणि पत्नीची आत्मचरित्रे जोडीने वाचावीत. भावपूर्ण प्रसंगांपेक्षा गौण वाक्ये तपासावीत : मूल कोणाजवळ ठेवून कोण कोठे गेले, रात्री कोण उठले, आजारात कोणाच्या मांडीवर होते. संबोधने आणि सर्वनामे नोंदवावीत. वर्ग आणि जात ह्यांनुसार घराची रचना कशी होती ते आधी पाहावे आणि मगच पिता 'दूर' होता की 'जवळ' हे ठरवावे. आणि मुलांची सेवा करणाऱ्या पुरुषाला ज्या ठिकाणी 'आई' म्हटले आहे त्या प्रत्येक ठिकाणी थांबून, त्याला 'बाप' का म्हटले गेले नाही असे विचारावे. 'लेकुरवाळा' हा शब्द देवाकडून घरी आणण्यास मराठी भाषेची आडकाठी नाही. ज्या दिवशी तो एखाद्या सामान्य गृहस्थाला, त्यात काही कौतुक वा थट्टा नसताना, 'लेकुरवाळी' इतक्याच सहजपणे लावला जाईल, त्या दिवशी वाङ्मयाला त्याची वेगळी नोंद करण्याचे कारण उरणार नाही. आणि तोच पित्याची भूमिका बदलल्याचा खरा पुरावा असेल.